मामांची तार

नव्यानं निघालेल्या प्रत्येक वस्तूचा अपमान करण्यासाठीच आमच्या मामांचा जन्म झाला असावा. मिक्सरमधली चटणी त्यांना मेलेली लागते. मोबाइलवरचा नकाशा बघत आलेल्या पर्यटकानं रस्ता विचारला, तर "त्यालाच इचार की," म्हणून ते पुढं जातात. मी आमच्या घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा. त्यामुळे मामांच्या लेखी मीही नव्यानंच निघालेली वस्तू आहे.

मामा लोणावळ्यात एका सिक्युरिटी एजन्सीच्या खोलीत बसायचे. बंगल्यात चोर शिरला की तिथली पेटी टेलिफोनच्या तारेवरून आपोआप खोलीत फोन करायची आणि मामा स्कूटरला किक मारायचे. पावसाळ्यात ती तार आठवडेच्या आठवडे मुकी असायची. मग मामा रेनकोट घालून फाटकाफाटकावर "हाय का समदं ठीक?" असं ओरडून यायचे, आणि परत आल्यावर कौतुक करायचे ते तारेचंच! हे मला अजून उलगडलेलं नाही. त्यांना तसं विचारण्याची हिंमतही झालेली नाही.

यंदा एजन्सीनं बंगल्यांत सिमकार्डाच्या पेट्या बसवायला घेतल्या. त्या थेट पुण्याच्या कंट्रोल रूमला कळवतात. सुट्टीत मी त्याच कामावर लागलो.

"एवढुसा डबा! चोर पयला त्योच खिशात घालंल," मामा म्हणाले.

मी चाचरत म्हणालो, "पण मामा, तार कापली तर तुमाला कळत न्हाई. ही पेटी बंद पडली तर पुण्याला लगेच कळतं."

"पुण्याला कळून काय उपेग? पुण्याचं मानूस येस्तवर चोर जेवून हात धुतोय. लय शिकलास!"

शेवटी एकच बंगला उरला, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा. बाई एकट्या, पाय अधू. पडल्या तर मदत मागायला गळ्यात एक बटण, तेही टेलिफोनच्या तारेवरच चालणारं. महिनाअखेरीस टेलिफोन बंद होणार होता. नवी पेटी नसती तर ते बटण म्हणजे नुसतं लॉकेट. पण "मामा हो म्हणतील तरच," असं बाईंनी बजावलेलं, आणि मामा काही हो म्हणेनात. मी अक्षरशः हातापाया पडलो.

"बसीव," ते म्हणाले. "फजिती बगाया येतो."

पेटी बसली. मामा दाराला टेकून उभे, चेहऱ्यावर सगळी तुच्छता गोळा करून. बाईंनी चाचणीसाठी बटण दाबलं. पेटीतून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, मदत हवी आहे का?"

बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "समज, मी पडले आहे. आता कोण येणार?"

"मॅडम, जवळचं माणूस म्हणून तुम्ही मामांचा नंबर दिलाय. त्यांना लावते."

मामांनी नाइलाजानं बाळगलेला फोन खिशात वाजला. त्यांनी तो कानाला लावला, क्षणभर ऐकलं, "आलोच!" म्हणाले आणि धावत बाहेर. स्कूटरला किक बसली.

"अवो मामा, तुमी हितंच हाय की!" मी खिडकीतून ओरडलो. स्कूटर फाटकाबाहेर गेली, थांबली, वळली. मामा परत आले. चपला काढल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. धापा टाकत सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"काय झालं, बाई?"

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"काही नाही. आलात ना? बसा."