झावळ्या कोण आणणार?

आमच्या चर्चच्या सेवा-गटात एक भाऊ आहे. कोणतंही काम सांगा, तो म्हणणार, "हव." छत्तीसगढीत हव म्हणजे हो. पण त्याचा हव इतका गोड, इतका भरघोस की काम झालंच असं समजून माणूस घरी जाऊन निवांत झोपायचा. आणि काम व्हायचं नाही.

तेलीबांध्याला एका घरी रविवारी प्रार्थना होती, दरी म्हणजे सतरंजी आणायचं काम त्याच्याकडे होतं. मंडळी उघड्या फरशीवर बसून कंबर धरून उठली. दरी पोचली मंगळवारी, तीही चुकीच्या मजल्यावर. नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ केलं. अंगाला कापूस चिकटवलेली मेंढरं वेळेवर आली, मेंढपाळ नाही. ती पोट्टी स्टेजवर अशी मोकाट सुटली की एकानं गव्हाणीतलं गवत खाल्लं. खोटं वाटत असेल तर त्याच्या आईला विचारा, ओवा तिनंच चारला.

आमचे पास्टरसाहेब लोण्याचे. कोणावर रागावले तर माफीही तेच मागतात. म्हणून त्यांनी मला बाजूला बोलावलं तेव्हाच समजलं, पाणी डोक्यावरून गेलं.

"दीदी, गट तुमचा आहे, तुम्हीच पाहा. झावळ्यांच्या रविवारचं काम त्याले द्या. नाही आल्या झावळ्या तर त्याले गटातून मोकळं करू. लोकांचे फोन घेऊन घेऊन माझा कान सुजला."

ईस्टरच्या आधीच्या त्या रविवारी आमची पोरं झावळ्या हलवत, होसान्ना गात मिरवणूक काढतात. नारळ इथं कुठले? आम्ही छिंद आणतो, म्हणजे आपली शिंदी. बीरगांवच्या पलीकडं नाल्याकाठी सापडते. पान हातभर, काटा बोटभर.

"आणाल ना?" बुधवारी मी त्याला विचारलं.

"हव दीदी! शनिवारी दुपारीच आणतो."

इतका गोड हव की मला घाम फुटला.

शनिवारी दुपारी स्कूटी काढून मी थेट बीरगांवला त्याच्या घरी धडकले. ऊन असं की माझी सावलीसुद्धा सोबत यायला तयार नव्हती. पाहते तर साहेब उंबऱ्यावर बसून बूट बांधून राहिलेले, मांडीवर फॅक्टरीचं पिवळं हेल्मेट.

"कुठं निघाले?"

"हव दीदी, निघूनच राहिलो."

"झावळ्या तोडायला हेल्मेट?"

तो बुटाची नाडी न्याहाळत बसला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, ती पक्की छत्तीसगढची. "ओवरटाइम पे जा रहे हैं दीदी! ठेकेदार को हव, आपको हव, मेरे भाई को भी हव बोला है कि शाम को उसका कूलर चढ़ा देंगे. अरे, मुझे देखने आए थे तब बाबूजी ने पूछा, दारू पीते हो? तो बोले, हव! पीते नहीं हैं दीदी!"

मी अशी हसले की गल्लीतला कुत्रा मोहल्ला बदलून बसला. मग विचारलं, "काहून करता हो असं? सरळ नाही म्हणावं."

"ठेकेदाराले एकदा नाही म्हटलं ना दीदी, तो पुढं बोलावतच नाही. जिभेले सवय लागली." मग हळूच म्हणाला, "आन चर्चमध्ये मले कोणी काम सांगते, हेच मोठं वाटते. नाही म्हटलं तर पुन्हा कोण सांगन?"

पास्टरसाहेबांचा निरोप मी लपवला नाही. ऐकून त्याचे हात नाडीवरच थांबले. "मंग रविवारी मी कुठं जाऊ?"

येताना स्कूटीवर मी विश्वासूपणावर भाषण पाठ करत आले होते, मुद्द्यांसकट, वचनांसकट. ते तोंडातच वाळलं.

"बरं," मी म्हटलं, "आता मला नाही म्हणून दाखवा."

"हव."

"हव नाही! नाही!"

बिचाऱ्यानं काय जोर लावला! मानेच्या शिरा फुगल्या, कान तांबडे झाले. बायको हातात झारा घेऊन पाहायला बाहेर आली. शेवटी डोळे गच्च मिटून तो म्हणाला, "दीदी... आज मले जमणार नाही. झावळ्या तुम्ही आणा."

आणि शिवी येण्याची वाट पाहत तसाच बसला.

"शाबास! हेच बुधवारी सांगितलं असतं तर मी दुसरा माणूस पाहिला असता. आता साल्याला फोन लावा, गळा गरम आहे तोवर."

तो ड्यूटीवर गेला. त्याची बायको विळा घेऊन माझ्या मागे बसली आणि आम्ही दोघींनी छिंद तोडली. परतताना स्कूटी दिसत नव्हती, नुसतं जंगल चाललं होतं. तीन बकऱ्या आमच्या मागं लागल्या. एकीनं तर सिग्नलवर माझ्या पाठीमागचा होसान्ना अर्धा चावून टाकला.

रविवारी मिरवणूक झाली. पास्टरसाहेबांनी विचारलं, "त्यानंच आणल्या?"

"नाही. त्यानं मला नाही म्हटलं."

"त्यानं?" साहेब बघतच राहिले. मी उंबऱ्यावरची सगळी कथा सांगितली, थोडं मीठमिरची लावून. ते हसले नाहीत. "आपण कोणाले विचारतच नाही, दीदी," म्हणाले. "नुसतं काम वाटत सुटतो." मोकळं करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

गुड फ्रायडेच्या तयारीच्या बैठकीत त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "आधी सांगा, कोणाले काय जमणार नाही?" मग तबल्यावरचे काका म्हणाले, त्यांची बोटं केव्हाची दुखतात. गायनवाल्या एका दीदीला वरचा सूर लागत नव्हता. एकेक जण बोलत गेला. मी इतकी वर्षं गट चालवते, या माणसांना मी त्या संध्याकाळी ओळखलं. देवा, तुझे उपकार.

"गुरुवारी मले नाही जमणार," आमचा हववाला म्हणाला, डोळे उघडे ठेवून. "शुक्रवारी रातपाळीतून सुटून सरळ येतो. पाणी मी भरतो."

आता माझा विश्वास म्हणाल तर मोहरीच्या दाण्याहून बारीक. शुक्रवारी मी पायांमध्ये भरलेला माठ घेऊन स्कूटीवर निघाले. पोचले तर चर्चच्या दारात सगळे कॅन काठोकाठ भरलेले, वर ओली फडकी घातलेली, आणि शेजारी कामाच्या कपड्यांत तो भिंतीला टेकून घोरत होता.

मी तिथंच प्रभूचे आभार मानले. माझ्या नेहमीच्या आवाजात मानले, त्यामुळे तो दचकून जागा झाला.