कोयत्यावर चढलेलं तांबं

आत्माराम बसलेला मी कधी पाहिला नव्हता. सत्तावीस वर्षं तो आमच्या मुरुडच्या बागेत येतोय आणि या सत्तावीस वर्षांत त्याने चहासुद्धा उभ्याने घेतला. कप एका हातात, नजर पोफळीच्या शेंड्याकडे, आणि एक पाय आधीच निघालेला. "दादा, दोन मिनिटं टेका की," म्हटलं तर म्हणायचा, "टेकलो तर गंजेन, वैनी."

आत्माराम पाडेली. माड-पोफळीवर चढून नारळ, सुपाऱ्या उतरवायच्या आणि पावसाआधी औषध मारायचं, हे त्याचं काम. पोफळ म्हणजे दंडाएवढं खोड आणि उंची मात्र दोन मजली घराच्या वर. पायात दोरीचा फास अडकवून तो चढायचा, आणि एकदा वर गेला की खाली यायचं नावच नाही. शेंड्याशी बिलगून झाड झुलवायचा, पुढची पोफळ हाताच्या अंतरात आली की ती धरायचा आणि पलीकडे. सातला पहिल्या पोफळीवर चढलेला माणूस दहाला विसाव्या पोफळीवरून उतरायचा. मधल्या अठरा झाडांच्या बुंध्याला त्याचे पाय लागतच नसत.

मी दर्शना. नवरा मुंबईत नोकरीला, सासरे गेल्यापासून साडेतीनशे पोफळी माझ्या गळ्यात. मला झाडावर चढता येत नाही आणि तो वर असताना खाली स्वस्थ उभंही राहता येत नाही. मी येरझाऱ्या घालते. तो वरून ओरडतो, "वैनी, तुमी खालीच दमलात!" खरंच दमते.

बाग कशी जगवायची ते मला सासऱ्यांनी नाही, आत्मारामने शिकवलं. पोफळीचा मोठा वैरी म्हणजे कोळेरोग. पावसात कोवळ्या सुपाऱ्यांना बुरशी धरते आणि त्या सडून टपाटपा गळतात. त्यावर औषध एकच, पाऊस लागायच्या आत बोर्डो मारायचं. एका पिंपात मोरचूद विरघळवायचं, दुसऱ्यात चुना, मग दोन्ही धारा तिसऱ्या पिंपात एकदम ओतायच्या. आभाळासारखं निळं पाणी होतं. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, हेही मला त्यानेच सांगितलं. शाळा चौथीपर्यंत, पण तांब्यावर हा माणूस व्याख्यान देईल.

पहिल्याच वर्षी त्याने मला एक खूण दाखवली होती. औषध तयार झालं की नाही ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून घासून लख्ख केलेला कोयता त्यात बुडवायचा. थोड्या वेळाने काढायचा. पातं जसंच्या तसं निघालं तर औषध पक्कं. पात्यावर तांबूस थर चढला तर कच्चं, चुना कमी पडला. "असलं मारलंत तर झाड भाजंल," तो म्हणाला होता. मी ते वहीत लिहून ठेवलं. तेव्हा मी नवी सून होते आणि सगळंच वहीत लिहायची.

गेल्या दिवाळीत त्याची बोटं सुजली. दोन्ही हातांची, पेरांच्या मुळाशी. सकाळी मूठ वळेना. तो म्हणाला थंडी आहे. कोकणात दिवाळीला कसली आलीय थंडी! पण मी मान डोलावली. त्याच आठवड्यात मी रत्नागिरीला गेले होते. एस.टी. स्टँडबाहेर एकजण तांब्याची कडी विकत होता आणि सांधेदुखी, वात, मणका, रक्तदाब सगळ्यांवर एकच उतारा सांगत होता. माझा गुडघा तेव्हा कुरकुरत होता. मी दोन कडी घेतली. एक माझं, एक आत्मारामचं.

त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी विसरणार नाही. कडं उलटसुलट करून बघितलं, दाताखाली धरलं आणि म्हणाला, "झाडाला तांबं लागू पडतं, मग माणसाला का नाय पडायचं? मना येवडे दीस सुचलं कसं नाय!" आणि घातलं. पंधरा दिवसांत त्याच्या मनगटावर हिरवं वळं उमटलं. तो ते येईल त्याला दाखवायचा. म्हणे, तांबं अंगात उतरतंय.

चिमा, त्याची बायको, आमच्याकडे भांडी घासते. ती माझ्या देखत त्याला म्हणाली, "जल्लं मेलं तुमचं तांबं! कळशीला हे आलं तर मी कोकम लावून घासते, नि तुमी मिरवताय!" आत्माराम हसला. त्या दिवशी त्याचा हात जरा बरा होता. हे दुखणं असंच फसवं, चार दिवस पाठ सोडतं आणि मग पुन्हा येऊन बसतं. बरं वाटलं की कड्याची कीर्ती, दुखलं की दोष अमावास्येचा. माघात त्याने दुसऱ्या हातातही एक कडं चढवलं. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी प्यायला लागला.

मला सगळं दिसत होतं. हे मी लपवणार नाही. सातला येणारा माणूस साडेनऊला यायला लागला. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायला लागला. एकदा चिमा भांडी घासता घासता सहज म्हणाली, "शर्टाची बटणं मीच लावते आता," आणि पुढच्या पातेल्याला लागली. मी काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याला धरून आरोग्य केंद्रात न्यायला हवं होतं. मी म्हणाले, "कड्याला वेळ लागतो, दादा." गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, ती मी बाजूला ठेवली. गावात दुसरा पाडेली उरलेला नाही, तरणेताठे सगळे मुंबईला. डॉक्टरने "चढू नका" म्हटलं तर माझ्या साडेतीनशे पोफळी पावसात उघड्या पडणार होत्या. रात्री अंथरुणावर हा हिशेब मनात घोळायचा, झोप उडायची, आणि सकाळी तो फाटकातून आला की मी पुन्हा गप्प.

मेच्या शेवटच्या आठवड्यात औषध मारायला घेतलं. चिमा पंपावर, आत्माराम वर, खांद्यावरून नळी सोडलेली. मी नेहमीसारखी खाली फेऱ्या घालत होते. अकराव्या झाडावरून बाराव्यावर जाताना त्याने झाड झुलवलं, हात लांबवला, पुढची पोफळ धरली, आणि बोटं मिटलीच नाहीत.

मला ते स्पष्ट दिसलं. हात झाडावर होता आणि बोटं उघडी होती. पोफळ निसटली. आधीचं झाड त्याला घेऊन मागे सपकन् गेलं आणि तो पायातल्या फासावर उलटा लोंबला. नळी खाली आपटली, औषध माझ्या अंगावर सांडलं. चिमाने तोंडात पदर कोंबला. मग त्याने कोपराने खोड कवटाळलं, बोटांनी नाही, कोपराने, आणि तसाच घसरत घसरत खाली आला. छाती सोलवटून निघाली होती.

मला वाटलं, आता तरी बसेल. तो पिंपाकडे गेला.

"कडं सैल झालंय," माझ्याकडे न बघता म्हणाला. "मनगटाला नीट भिडत नाय. दुपारी सोनाराकडनं चेपून घेतो."

"दादा!"

"औषध सरलंय वैनी, नवीन करू. चिमा, चुना आण."

आणि हा माणूस पिंपाभोवती गरागरा फिरत होता, काठी घे, काठी ठेव, बादली घे. चुन्याची ढेकळं त्याला फुटेनात, ती चिमाने फोडली. चुना जुनाच होता, दमट झालेला. धारा ओतल्या, ढवळलं. सवयीने त्याने कोयता उचलला, दोन्ही तळव्यांत धरून, आणि बुडवला. काढला. पात्यावर तांबूस थर चढला होता.

"कच्चं हाय," तो म्हणाला. "चुना घाल."

मला काय झालं कोण जाणे. भीती होती, राग होता, आणि त्यातला बराचसा राग माझ्यावरच होता. मी म्हणाले, "कच्चं कसं? एवढं तांबं चढलंय की पात्यावर! लोखंडात उतरतंय म्हणा ना."

"उतरतंय कुठं? वरच बसलंय तां," तो चिडून म्हणाला. माझ्यासारखीला इतक्या वर्षांनी पुन्हा शिकवायला लागतंय याचा त्याला वैताग आला होता. "वर दिसतंय म्हंजे औषधात खोट हाय. सत्तावीस वर्सं बगताय ना?"

मी त्याचं मनगट धरलं आणि कडं वर सरकवलं. खालचं हिरवं वळं घामाने ओलं होतं. "आणि हे?"

तो मनगटाकडे बघत राहिला. मग कोयत्याकडे. चिमा चुन्याचं टोपलं घेऊन तशीच उभी. त्याने हात सोडवून घेतला आणि बागेत चालायला लागला. विहिरीपर्यंत गेला, परत आला, कुंपणापर्यंत गेला, परत आला. अर्धा तास हे चाललं होतं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाला, "उद्या कंच्या डाक्टरकडं जायचं?"

आरोग्य केंद्रात डॉक्टर साबेरा आहेत, हर्णैच्या. त्यांनी त्याची पेरं एकेक दाबून पाहिली, सकाळी हात किती वेळ आखडतात ते विचारलं, दापोलीहून रक्त तपासून आणायला लावलं. आमवात निघाला. "शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देते, दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल. वेळेवर रक्त तपासायचं. आणि झाड बंद."

आत्मारामने विचारलंच, "मग तांबं?"

त्या हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. "शरीराला तांबं लागतं, काका. पण कणभर, आणि तेही पोटातून. काजू, तीळ, कुळीथ खाता ना? कालवं?"

"रोजचंच हाय."

"मग तुम्हाला तांब्याची कमी नाही. कडी घालून लोकांनी रीतसर पाहिलंय. तांब्याचं असो नाहीतर दुसऱ्या कसल्या धातूचं, आमवाताला काही फरक पडला नाही. कड्याने वाईट एवढंच केलं की तुमचे सात महिने गेले. दिवाळीला आला असतात तर ही दोन बोटं वाकडी राहिली नसती. कोणी दिलं हे?"

मी खुर्चीत आक्रसले. आत्माराम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रत्नागिरीला गेलतो. स्टँडवर घेतलं."

परतताना रिक्षात मधे चिमा, दोन्ही बाजूंना आम्ही. रस्ता वळणावळणाचा. शेवटी मी बोलले. "दादा, मी तेव्हा दोन कडी आणली होती. एक मला. माझ्या गुडघ्याला काही गुण आला नाही, म्हणून पंधरा दिवसांत काढून फडताळात टाकलं. तुम्हाला सांगितलं नाही."

"म्हायती हाय."

"माहिती?"

"तुमच्या हाताला हिरवं कुठं उमटलं? तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

तो वाकड्या बोटांनी गुडघ्यावर ताल धरून होता. स्वस्थ बसणं त्याला रिक्षातही जमत नव्हतं. "तुमी बोलला नायत, म्हटलं बोलायचं नसंल," तो म्हणाला. "तुमाला चढणारा मानूस पायजे व्हता. मना झाड पायजे व्हतं. झाड सुटलं तर मी कोन? कडं मधे व्हतं म्हणून दोगांचं भागलं."

चिमा म्हणाली, "नि माजं?"

उरलेल्या पोफळींना औषध लागलं नाही. श्रावणात सुपाऱ्या गळायला लागल्या, रात्री छपरावर त्यांचा टपटप आवाज यायचा आणि मी उठून बसायची. निम्मी बाग गेली. आत्माराम रोज येतो, माझ्याआधी गळलेल्या सुपाऱ्या वेचायला लागतो, वर बघत नाही. चहा अजून उभ्यानेच. दोन्ही कडी त्याने चिमाला देऊन टाकली. तिने ती कोकमाने लख्ख घासून आमच्या फडताळात, माझ्या कड्याशेजारी ठेवलीत.

गणपतीत तो आरतीला आला तेव्हा कोरा पांढरा शर्ट होता. चिमा अजून घरीच मोदक वळत होती, तो एकटाच पुढे आला होता. शर्टाची सगळी बटणं लागलेली होती. एक चुकलं होतं, वरचं खालच्या काजात गेलेलं, त्यामुळे कॉलर एका कानाशी चढली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते म्हणून. मी आरतीचं तबक त्याच्या हातात दिलं आणि काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं गप्प बसणं चांगल्या कामी आलं.