आग्रह न करणारे साडू

जबलपुरातल्या समस्त मराठी घरांत कुणालाही "अजून एक घ्या" न म्हणणारा माणूस एकच निपजला, आणि तो नेमका माझा साडू झाला. मदन महलच्या आमच्या घरी ते जेवायला आले की दुसऱ्या पोळीची वाट न पाहता हात धुवायला उठत. त्यांच्याकडे आपण गेलो तर श्रीखंडाचं भांडं मधोमध ठेवून स्वतः गप्प बसत. गढा भागातल्या एका लग्नात कुणीतरी त्यांच्या हाती जिलबीची परात दिली, तर सबंध पंगतीतून मुक्यानेच फिरून आले. वरपक्षाचा राग अजून गेलेला नाही. "माणूस कोरडा आहे," हे तेव्हा मीच म्हटलं आणि नात्यात तेच रूढ झालं.

खरं कारण त्यांच्या प्रयोगशाळेत होतं. कॅन्सरच्या पेशी सांभाळण्यात त्यांची हयात गेली, आणि बोलणं भाजीच्या भावावरून निघालं तरी तिथेच पोचे. "दादा, पेशी म्हणजे पंगतीतला पाहुणा. 'बसा, घ्या' म्हणणारे वाढीचे घटक शरीरात फिरत असतात. तो आग्रह थांबला की भली पेशी आपणहून मरते, शीत न सांडता पानावरून उठावं तशी. कॅन्सरची मात्र स्वतःच स्वतःला आग्रह करून राहिली!" दिवसभर हे पाहणाऱ्याच्या तोंडून घरी आग्रहाचा शब्द कसा निघावा?

पुढे आमच्या हिलाच गाठ निघाली. साडू उशाशी बसून पेशींच्या मरणाच्या गोष्टी सांगू लागले, तेव्हा मी भडकलो. ही म्हणाली, "काहून चिडता? मीच विचारून राहिले." मग त्यांच्याकडे वळून, "म्हणजे स्वतःच वाढून घेते, उठायचं नाव नाही. आमच्या वन्संच झाल्या की! आणि औषध काय करते?"

"तिचे कान झाकते, ताई. आग्रह ऐकूच गेला नाही की उठावं लागते."

ही खोकला येईस्तोवर हसली. नात्यात मात्र पसरलं, की ते आजारी बाईसमोर मरणाचं बोलतात. मी ते खोडलं नाही. आज खोडतो: त्या दिवसांत ती हसली, ती त्यांच्यामुळेच.

ती गेली आणि माझं जेवण सुटलं. तेव्हापासून साडू रोज दुपारी डबा घेऊन येतात. पहिल्या दिवशी पोळी हातात धरून ताटाशी उभे राहिले. "अजून... एक घ्या."

"तुम्ही आणि आग्रह?"

"घ्या ना, दादा. बाहेरून कोणीतरी सांगावं लागते."

अजूनही त्यांना ते नीट जमत नाही. पोट भरलं तरी मी ताटावरून उठत नाही. ते आणखी एकदा म्हणतील, म्हणून बसून राहतो.