नववी ब आणि सविनय कायदेभंग

नागरिकशास्त्र म्हणजे कमी मार्कांचा विषय. पोरं शेवटच्या आठवड्यात पाठ करतात आणि पेपर दिला की विसरतात. गिरणी संपाच्या काळात परळच्या एका शाळेत मी तो नववी ब ला शिकवत होते. आता रिटायर झाले, धडे मीही विसरले. पण त्या वर्गातलं एकेक आठवायला लागलं की समोरचा चहा गार होतो!

* * *

धडा होता सविनय कायदेभंगाचा. वर्गातल्या बहुतेक पोरांचे वडील गिरणीत, म्हणजे संपावर. मुख्याध्यापक सामंतसरांनी सूचना काढली, "वर्गात संपाचा विषय नको."

मी विचारलं, "सर, मग कायदेभंग शिकवू कसा?"

"शिकवा की! पण इंग्रजांपुरता. सत्तेचाळीसला आटपा."

* * *

आटपला! मग वर्गाला विचारलं, "अन्यायकारक कायदा ओळखायचा कसा?"

सुनंदा परब उठली. लालबागच्या चाळीतली, जिभेला धार.

"बाई, करणाऱ्याला जो कधीच लागू होत नाही, तो!"

पुस्तकात याच उत्तराचे चार लांबलचक मुद्दे होते. मी तेच फळ्यावर लिहिले. मार्क त्यांनाच मिळतात ना!

* * *

एकदा इन्स्पेक्शनला साहेब आले. सफारी सूट, खिशाला दोन पेनं. "सांगा, खरा सत्याग्रही कसा असतो?"

विलास म्हणाला, "शिक्षेला घाबरत नाही. तुरुंगात जातो."

"शाब्बास! पाहिलायस असा माणूस?"

"हो साहेब, आमचे बाबा. शुक्रवारपासून आत आहेत."

साहेबांनी घाईघाईने भूगोलाचा प्रश्न काढला.

* * *

पांढरे बूट नसतील त्याने वर्गाबाहेर उभं राहायचं, हा सामंतसरांचा आवडता नियम. संप लांबला तशी बाहेरची रांगही लांबली. एका सकाळी अख्खा वर्ग अनवाणी आला आणि मुकाट बाहेर उभा राहिला.

सर धावत आले. "आत व्हा सगळे!"

"नाही सर, नियम आहे," सुनंदा म्हणाली.

"अगं, मी मोडतो तो नियम! व्हा आत!"

"थँक्यू सर. सविनय मोडताय ना?"

* * *

मग मी हौसेने वादविवाद ठेवला. कायदा चुकीचा वाटला तर मोडावा का? "नाही" म्हणायला एकटा राजेश कदम. नायगावच्या पोलीस लाइनीतला, वडील हवालदार.

"कायदा म्हणजे कायदा. मोडला की लाठी बसणारच," तो म्हणाला.

"बसली ना काल, गिरणीच्या गेटवर! माझ्या बाबांना. तुझेच बाबा होते तिथे," सुनंदा म्हणाली.

मला वाटलं, आता बाकं उडणार!

"माहितीय," राजेश म्हणाला. "माझ्या काकालाही बसली. तो पण गिरणीतच आहे. संध्याकाळी बाबा मला घेऊन घोडपदेवला त्याच्या घरी गेले. काकीने तेल गरम करून दिलं. पण काका पाठ दाखवेना. म्हणाला, आधी ती खाकी उतरव."

"मग?" मी विचारलं.

"बाबांनी शर्ट काढला. खांद्यावर हा एवढा काळानिळा डाग. दगडाचा."

"काका काय म्हणाला?" सुनंदानेच विचारलं.

"काय म्हणणार! तेलाची वाटी ओढून घेतली. म्हणाला, दादा, पालथा हो."