खिळ्याला टांगलेल्या दोन चेन

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — ती जाईपर्यंत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, लिहिणं वेडंवाकडं असेल. तसंच वाचा.

सिल्व्हर पार्क वसाहतीच्या मागे गॅरेज होतं. मी आणि समुद्रकाठच्या तारोडी गावचा फ्रान्सिस भागीदार, पण पाटीवर नाव माझं. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि बिघाड सांगायचा — यासाठी लोक माझ्याकडे लांबून यायचे. चुकलास म्हटलेलं मी कुणाचंच ऐकून घेतलं नाही.

एक टॅक्सी सकाळी थंड असताना खडखडायची. तापली की गप्प. मी कान लावला, म्हटलं टेन्शनर गेला. टायमिंग चेन दाबून ताठ ठेवतो, तो टेन्शनर. तो नवा टाकला, चेन जुनीच ठेवली. फ्रान्सिस म्हणाला, चेन झिजून लांबलीय, टेन्शनर पुढे येऊन येऊन किती दाबणार? मी चारचौघांत म्हटलं, तू जा, बोंबील मोज. सगळे हसले. तोसुद्धा.

चौथ्या दिवशी घोडबंदरच्या चढावर ढिली चेन दात सोडून सरकली. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. गाडी ओढून आणली, मी एकट्यानेच इंजिन उघडलं. जुनी चेन नव्या चेनशेजारी धरली — दोन कड्यांएवढी लांब. म्हणजे मला कळलं होतं. जे केलं त्याच्या आधी कळलं होतं.

तेवढ्यात फ्रान्सिस आला. त्याने दोन्ही चेन एका खिळ्याला टांगल्या. जुनी खाली लोंबत राहिली, आंधळ्यालाही दिसावी अशी. टॅक्सीवाला गेटवर पोचला होता. मी म्हटलं, काढ ते.

"न्हाय दत्ता. बगू दे त्याला."

मी जुनी चेन ओढली आणि त्याच्या तोंडावर मारली. त्याने उजवा हात आडवा घातला, मग हातावर. पडला, तरी हातावरच. हाड मोडल्याचं ऐकू आलं — थांबलो का? त्याच बोटांनी टांगली होती ना त्याने? ती बोटं फरशीवर होती, तिथे मारत राहिलो. कड्यांत कातडी अडकून आली.

मग एक पान्हा उचलला आणि त्याच्याजवळ टाकला. टॅक्सीवाला धावत आला, त्याला सांगितलं — चेनचं काम यानेच बिघडवलं, विचारलं तर पान्हा घेऊन अंगावर आला. पोलिसांनाही तेच. फ्रान्सिस खरं सांगत होता, रडत सांगत होता. ऐकलं माझं.

त्याची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. त्या हातात पान्हा धरता येत नाही.

दत्ता डोक्याने गरम, असं लोक अजून म्हणतात. मी म्हणू दिलं. पण चेन ओढण्याआधी मी गेटकडे पाहिलं होतं. टॅक्सीवाला पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. तो वळत नाही, एवढी खात्री केली — आणि मग मारलं.