तिजानी न्हाव्याचं मत

केफ गावातला तिजानी न्हावी लोकशाहीवर जेवढं तोंडसुख घेई, तेवढं सुनेवर सासूही घेत नसेल. हुकूमशहाला हाकलणाऱ्या क्रांतीला सात वर्षं झाली, टोमॅटो महागले आणि वाढला काय, तर कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग! हे तो दाढीच्या फेसाबरोबर प्रत्येकाच्या गालाला चोळायचा.

अशात नगरपालिकेची निवडणूक लागली. उमेदवारांच्या यादीत एक पुरुष, मग एक बाई, असा कायदाच. हसूना खाटकाच्या यादीला बाई मिळेना, म्हणून तो तिजानीच्या बायकोकडे, मोंजियाकडे आला. ही त्याला हाकलून देईल अशी तिजानीची खात्री. मोंजियाने ओढणीला हात पुसले आणि सही ठोकली. तो ढीग उचलायचाच, हे तिने मनावर घेतलं होतं.

तिजानीची झोप उडाली. आपण मतच देणार नाही, बोटाला शाई लावून घेणार नाही, अशी त्याने गावभर दवंडी पिटली. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी स्वारी दुकानात आली ती डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधून. म्हणे वस्तरा लागला. तीस वर्षांत कधी लागला नव्हता! गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसली. बायकोला मत दिलंस ना, म्हणून हसूनाने पाठ थोपटली.

मोंजिया निवडून आली. घरी तिने ती चिंधी सोडली, निळं बोट पाहिलं आणि या वयात चक्क लाजली. तिजानीला ते सोसवेना.

"तुला नाही दिलं. दुसऱ्या यादीला दिलं," तो म्हणाला. "उद्यापासून माझ्याच खुर्चीत बसून लोक तुला शिव्या घालणार. हातात वस्तरा धरून मी त्या ऐकू कसा?"

"मत गुप्त ठेवायचं असतं, एवढंही कळत नाही का हो तुम्हाला?" मोंजिया म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ती त्याचा डबा घेऊन दुकानात शिरली, तेव्हा खुर्चीतले मास्तर नवे नगरसेवक एकजात चोर असल्याचं सांगत होते. आरशात मोंजिया दिसली आणि ते अर्ध्या वाक्यात गप्प झाले. तिजानीला क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं. जुन्या राजवटीत कुणी अनोळखी आत आला की याच खुर्चीत माणसं अशी गप्प व्हायची.

"थांबलात का मास्तर? बोला," तो म्हणाला. "नगरसेविका समोर आहे, तिच्या तोंडावर बोला. आता काही होत नाही."

मास्तर बोलले, चांगला पाऊण तास. मोंजिया डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिली. तिजानीचा वस्तरा एकदाच थरथरला, तोही 'चोर' या शब्दाला.