‘वाढवा’ लिहिलेला कॉक

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, मोडनिंबजवळच्या आमच्या गावी, सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, कंदील वाढव.” मी कॉन्व्हेंटात शिकलेली. वात मोठी केली, काच काळी झाली. हे दारात उभे राहून हसत होते. दिवा ‘विझव’ म्हणायचं नसतं, ‘वाढव’ म्हणायचं, हे मला तेव्हा कळलं.

निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं. दोन बाकं, दिवे, पंखा, गॅसची शेगडी. पहिला चहा अकलूजला, नीरेच्या काठी करायचा असं ठरलं होतं. तो राहिला. हे गेले आणि गाडी सोलापूरच्या आमच्या अंगणात उभीच राहिली. मुलानं भंगारवाला ठरवला. मी म्हटलं, आधी तो चहा होऊ दे. तो म्हणाला, “आठवड्यात चालू झाली तर जा, आई. नाहीतर देऊन टाकू.”

इलियासभाई रिक्षांचं वायरिंग आणि गॅसकिटची कामं करतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी त्यांनी बदलल्या. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आधी अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासून बघा, आमचे निम्मे दिवे तेवढ्यानंच लागले. बॅटरी मात्र नवी घ्यावी लागली. गॅसची नळी आणि रेग्युलेटरही बदलला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली. सगळं मिळून आठेक हजार.

शेगडी काही पेटेना.

“लाइन चोक हाय, मावशी. खालची फळी उचकटावी लागंल. पंधरा दिवस धरा.”

एवढे दिवस माझ्याकडे नव्हते. “गॅसचा कॉक उघडलाय ना?”

“फुल. हे बघा की, सायबांनीच पट्टीवर लिवलंय, ‘वाढवा’. बाणाकडं पार शेवटपर्यंत फिरवलाय.”

पायरीवर बसलेल्या वन्सं, माझ्या नणंदबाई, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “आरं बाबा, वाढवा म्हंजे बंद कर. आमच्या आईची बोली हाय ती.”

इलियासभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी कॉक उलटा फिरवला. जरा थांबून काडी लावली, आणि निळी ज्योत आली.

“सायब बी लई मस्करे होते,” ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी तेच गाडी चालवायला आले, वन्संही बरोबर निघाल्या. पुणे रस्त्यानं मोडनिंबपर्यंत सुखाचा प्रवास, तिथे गरम भजी. टेंभुर्णीहून अकलूजकडे वळल्यावर मात्र उसाच्या ट्रॉल्या असतात, घाई करू नका. नीरेच्या काठी मी चहा टाकला. तिघंही काठावर बसून प्यायलो. मग वन्सं म्हणाल्या, “वैनी, आता वाढवा.”

मी कॉक बाणाकडे फिरवला.

घरी आल्यापासून तो चहा जिभेवर आहे, आणि वन्संचा आवाज. संध्याकाळनंतर मला नीट दिसत नाही, एवढा प्रवासही झेपत नाही, पुन्हा जाणं होणार नाही. म्हणून मुलासाठी इथेच लिहून ठेवते. गाडी भंगारात द्यायची नाही, ती इलियासभाईंची. शेगडी आणि चहाचं पातेलं वन्संना. पट्टी काढून मला दे आणि तिथे स्पष्ट ‘बंद’ लिही, परक्या माणसाची फसगत नको. सासूबाईंचा कंदील नातीला. तीही कॉन्व्हेंटात आहे. तिला अर्थ आधी सांगू नकोस.